बांधापलीकडची निलव्वा

आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी,
शाळेच्या मास्तरनं अंदाजानं टाकलेली.
तिला विचारलं तर म्हणायची,
"तुरी फुलावर होत्या, आन् टोळ आलते."
मग काढा तुम्हीच वय.
मी एकदा काढलं, त्र्याण्णव आलं.
पुन्हा काढलं तर अठ्ठ्याऐंशी.

उमदीच्या अलीकडं आमचा नि तिचा माळ एकच.
मध्ये बांध,
आणि बांधावर माझ्या बापाची अकरा वर्षांची केस.
जतला तारीख असली की दोघं एकाच एसटीनं जायची,
ती पुढच्या बाकड्यावर, बाप पार मागं.
फडक्यातली दशमी सुटली की अर्धी मागं यायची,
कंडक्टरच्या हातून.
बाप खायचा. बोलायचा नाही.
हातभर जमीन कुणाची ते शेवटी कोर्टानं ठरवलं.
कुणाची, ते मला आज विचारू नका.

लग्न होऊन आली तेव्हा माळावर झाड नव्हतं.
"नजर टाकली तर माघारी यायला दिवस बुडायचा,"
असं सांगायची, तक्रार म्हणून नव्हे,
मापं सांगावीत तसं.
बैलांशी कानडी बोलायची, माणसांशी मराठी,
नवऱ्याशी फारसं काहीच नाही.
मल्लाप्पा इचलकरंजीला मागावर गेला
आणि परत आला तो खोकला आणि रेडिओ घेऊन.
रेडिओ जास्त दिवस टिकला.

मग तिनंच नांगर धरला.
गाव म्हणालं, बाईनं रुमणं धरलं, आता पाऊस कसला पडतो.
आणि खरंच बहात्तर साल आलं.
"पाऊस तर सोलापुराकडंबी न्हाई,
तिकडं कुणाच्या बायकूनं धरलावता?"
पारावरच्या माणसांनी तंबाखू मळत राहणं पसंत केलं.

तलावाच्या कामावर खडी फोडताना
एक कपची डाव्या डोळ्यात गेली.
त्या डोळ्याला पुढं नुसता उजेड कळायचा.
"बास हाय की तेवढं," म्हणायची.
पदराच्या गाठीत सुकडी, गाठीला तोंड लावलेलं पोर,
आणि उरलेल्या एका डोळ्यानं
ती संध्याकाळी तांबड्या मिलोतले खडे निवडायची.

एक सांगायचं राहिलं.
रानात टिटवी अंडी घालायची, उघड्यावर, ढेकळांत.
निलव्वा तेवढं सोडून नांगरायची,
चारी बाजूंनी काळं रान, मध्ये ताटाएवढा पडीक तुकडा.
पुढं ट्रॅक्टर आला तरी ती आधी उन्हात रान फिरायची
आणि दिसेल तिथं पळकाठी रोवून त्याला चिंधी बांधायची.
ड्रायव्हर शिव्या देत वळसा घालायचा.

नंतर टेकाडावर पवनचक्क्या आल्या.
कंपनीचा साहेब भाड्याचे कागद घेऊन आला,
तर ही म्हणाली, "वाऱ्याचं पैसं देताय व्हय?
मग साठ वर्सं त्येनं माझा शाळू लोळवला,
ते कुणाकडं मागू?"
साहेब हसला. ती हसली नव्हती.

माघात गेली. शाळू काढणीला आलेला.
त्यांच्यात बसवून पुरतात.
कपाळाला विभूती, मांडीवर बेलाची पानं,
जंगम काहीबाही म्हणत होता,
आणि मी बघत होतो तिचे गुडघे.
इतक्या वर्षांत निलव्वाला
मांडी घालून बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

खड्डा बांधालगत घेतला होता, तिनंच सांगून ठेवलेल्या जागी.
पोरांनी खणला आणि खणताना
हातभर आमच्यात आला.
कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.
बापाच्या आलं.
काठी टेकत तो कडेला उभा राहिला,
नजरेनं एकदा इकडून, एकदा तिकडून मापून घेतलं.
मग वाकला, वाकायला वेळ लागला,
आणि आमच्या बाजूची मूठभर माती आत टाकली.

परतताना पांदीत थांबून एवढंच म्हणाला,
"तिच्या म्हशीची धार काढली का रे कुणी?"